शेवटी गोळी ही गोळी? मग 3 गोळ्यांवर एवढी मिजास कशाला

वरळीचा वारा
परवा इथं एकांनी लिहिलं की टेक्सासला मेव्हण्याकडे महिनाभर राहून आलो, त्याच्या गराजमध्ये बसून हाताने काडतुसं भरली, पावडर चिमूट चिमूट वाढवत 3-3 गोळ्यांचे ग्रुप मारले, एका वजनाला तिन्ही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, बस, लोड, म्हणजे पावडरचं नेमकं माप, सापडला. इथवर ठीक, मजा आली असेल. पण पुढचं वाक्य, "आपल्याकडचे पॉइंट बावीसवाले लॉट टेस्टिंगच्या नावाखाली आईबापाचे पैसे उडवतात, शेवटी गोळी ही गोळी", ते वाचून माझा चहा निवला. (पॉइंट बावीस म्हणजे आमची छोट्या गोळीची स्पर्धेची रायफल; लॉट टेस्टिंग म्हणजे कारखान्याच्या कुठल्या खेपेची काडतुसं तिला जमतात ते मारून बघणं.)

अहो, 3 गोळ्यांनी काय ठरतं? तीच रायफल, तोच लोड, 3 गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, सरासरी 10 मिमी येत असेल तर 10 गोळ्यांचा सरासरी 16 च्या आसपास येणार, यात रायफल बिघडलेली नसते, हा नुसता गणिताचा खेळ आहे. आठ वजनांचे 3-3 शॉट मारले की एखादा ग्रुप छान दिसणारच. दुसऱ्या दिवशी परत मारा, भलतंच वजन छान दिसेल.

आणि आमचं दुखणं वेगळं आहे. पॉइंट बावीसमध्ये ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेला, रिममध्येच भरलेला, पिन आपटली की रिम चेपली, रिकामी पितळी केस कचऱ्यात. परत भरायचा प्रश्नच नाही. मग आमच्या हातात उरतं काय तर डबीवरचा लॉट नंबर. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिमी. गोळी सेकंदाला 330 ऐवजी 320 मीटरच्या वेगाने निघाली तर 50 मीटरवर 7-8 मिमी खाली बसते. म्हणजे तुम्ही श्वास धरून, ट्रिगर मऊ दाबून सगळं बरोबर केलंत आणि नऊ लागला. याला पैसे उडवणं म्हणतात?

मुलुंडचा नेम
पोस्ट माझीच. एवढं लागायचं कारण नव्हतं. मी हजार यार्डांबद्दल बोलत होतो. तिथं केसची मान किती घट्ट, बुलेट किती आत बसवली, प्रत्येक काडतुसात पावडर किती सारखी, सगळं उभ्या रेषेत दिसतं. मेव्हणा एकेक दाणा तोलतो. तुमच्यात काय, डबी विकत घ्यायची आणि नशिबाला दोष द्यायचा.

जुना खांदा
हजार यार्डांवर बोलायचंच तर बोलतो. इंग्लंडात बिस्लेला राणीच्या नावाची स्पर्धा असायची ना, तिथं वर्षानुवर्षं आयोजकांनी दिलेलंच काडतूस सगळ्यांना वापरावं लागायचं. घरचं चालायचं नाही. तरी पहिला आणि शंभरावा नंबर लागायचाच की. ज्याला वारा वाचता येतो तो वर.

आता माझा मूर्खपणा. 1990 च्या सुमाराला राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री व्हर्नियर घेऊन 500 राउंडच्या रिमची जाडी मोजत बसलो, चार वाट्यांमध्ये वेगवेगळे ढीग, बायको म्हणाली पोहे कशात खायचे. दोन वाजता झोपलो. सकाळी पहिल्या सिरीजला डुलकी येत होती. ग्रुप उत्तम, पण एक गोळी दुसऱ्याच्या टार्गेटवर.

प्राजक्ता प्रोन
काका 😂😂 दुसऱ्याच्या टार्गेटवर!

पण वारा ताईंशी एका बाबतीत सहमत नाही. सेकंदाला 1 मीटर आडवा वारा असेल तरी पॉइंट बावीसची गोळी 50 मीटरवर 5-6 मिमी सरकते. म्हणजे झेंडा जरा हलला की लॉटमधला अख्खा फरक खल्लास. ज्या मुलांचा होल्ड (नेम धरून रायफल स्थिर ठेवणं) अजून आठच्या वर्तुळाबाहेर जातो त्यांनी लॉट टेस्टिंग करणं म्हणजे सायकल शिकताना टायरची कंपनी निवडण्यासारखं. माझ्याबरोबरच्या एकीने शिकंज्यात रायफल अडकवून चार लॉट तपासले, महागातला निवडला, आणि डबी बदलल्यावर बॅरलला नवीन वंगण बसायला 15-20 गोळ्या लागतात हेच विसरली. पहिल्या दहाचे ग्रुप बघून रडारड.

ठाणेकर बाबा
ज्यांचे पैसे उडतात तो आईबाप मीच. लॉट राहू द्या, मला सांगा रायफल न्यायची कशी? मुलीला बालेवाडीला घेऊन जायचं होतं लॉट तपासायला, 50 मीटरची लेन तिथं मिळाली. सकाळी सहाला फलाटावर पेटी घेऊन उभे, तर तपासणीला थांबवलं. लायसन्स दाखवलं, फेडरेशनचं कार्ड दाखवलं, बोल्ट (ज्याशिवाय गोळी सुटतच नाही) वेगळा पिशवीत आहे तो दाखवला. तरी "उघडा". उघडली तर मागं वीस माणसं मोबाइल काढून. गाडी गेली.

डोंबिवली फास्ट
अरे बापरे हा विषय काढलात. मी लोकलमध्ये कोणी विचारलं तर सांगतो सतार आहे. एकदा एक आजोबा म्हणाले, वाजवून दाखवा.

ठाणेकर बाबा
हसा. 2024 ला पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) कांस्य आणणारा आपला स्वप्निल कुसाळे तेव्हा स्वतः मध्य रेल्वेत टीसी होता, आणि त्याच खेळाची पेटी बघून फलाटावर गर्दी जमते.

जुना खांदा
तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, 597 मारून जगज्जेती झाली, तेव्हाही पेटी बघून लोक विचारायचे पाइप कुठं बसवायचेत.

मुलुंडचा नेम
धागा काडतुसांचा आहे की लोकलचा?? एका माणसाचं म्हणणं खोडायला सगळे मिळून त्याला शेंबडा ठरवायचं, मग सतार वाजवायची. तुमच्यातल्या किती जणांनी आयुष्यात एक तरी काडतूस भरलंय?

वरळीचा वारा
एकानेही नाही, कारण इथं परवान्याशिवाय भरलं तर 1959 चा शस्त्र कायदा आहे, आणि कोठडीत होल्ड सुधारत नाही. चिडू नका हो. बुडाच्या मधोमध पिन पडणाऱ्या काडतुसाला हाताने भरलेलं चांगलं, हे मी कधी नाकारलं? मी एवढंच म्हणते की 3 गोळ्या हा पुरावा नाही. आणि प्राजक्ता, होल्ड आठच्या बाहेर असेल तर लॉट तपासू नये, हे मान्य. नाइलाजाने. पण वारा झेंड्यावर दिसतो, लॉट दिसत नाही, तुझा नऊ कोणाच्या नावावर टाकायचा ते कळायला हवं की नको?

प्राजक्ता प्रोन
माझा नऊ माझ्याच नावावर असतो ताई, 80 टक्के वेळा. उरलेले 20 लॉटला दिले, खूश?

मुलुंडचा नेम
बरं. मेव्हण्याला मेसेज केला, त्याच लोडच्या 10 मार.

(दुसऱ्या दिवशी)

मुलुंडचा नेम
आठ एकत्र. दोन बाहेर, एक तर चांगलीच. मेव्हणा म्हणतो त्या दोन वाऱ्याने गेल्या.

वरळीचा वारा
मी काल घरातच होते.