मदत हवी आहे: ब्यूफोर्ट समुद्रातल्या (अलास्का-कॅनडाच्या उत्तरेला) बर्फाच्या जाडीचा अंदाज चार आठवडे आधी

क्रायोसॅट-२ आणि स्मॉस या उपग्रहांच्या एकत्रित जाडी-नकाशांवर (२५ किमी ग्रिड, ऑक्टोबर ते एप्रिल) न्यूरल नेटवर्क ट्रेन करतोय. सोबत ईआरए५चं (मागच्या हवामानाची जागतिक नोंद) तापमान आणि वारा, ज्या तारखेचा अंदाज हवा थेट त्या तारखेपर्यंतचा. चाचणीसाठी रँडम बाजूला काढलेल्या २० टक्के नकाशांवर आरएमएसई (सरासरी चूक) झकास येतो. अख्खा नवा हिवाळा दिला की सगळं ढासळतं, किनाऱ्यालगत सर्वांत जास्त. नेटवर्कचे थर, ड्रॉपआउट (पाठांतर रोखणारी सेटिंग) बदलून फरक नाही. कुठे बघू?

प्रतिसाद १

नेटवर्क सोडा, आधी ट्रेनिंग आणि चाचणीची विभागणी बदला. हे नकाशे रोज निघतात, पण प्रत्येकात ७ दिवसांची निरीक्षणं असतात. लागोपाठच्या दोन फायलींत ६ दिवस सामाईक! शिवाय जाडीतली विसंगती (सरासरीपासूनचा फरक) महिनोन्‌महिने टिकते. रँडम निवडीत उत्तरपत्रिका शेजारच्या बाकावरच उघडी असते. चाचणीसाठी अख्खे हिवाळे बाजूला काढा, सरासरी आणि नॉर्मलायझेशनही (आकडे एका मापात आणणं) फक्त ट्रेनिंगच्या वर्षांवरून.

मग 'त्या तारखेची दीर्घकालीन सरासरी + आजची विसंगती' हा फुकटातला अंदाज काढून त्याच्याशी तुलना करा. भलीभली नेटवर्कं इथेच गारद होतात.

फ्रीबोर्डमधली (पाण्यावर दिसणारी बर्फाची उंची) १ सेंमी चूक जाडीत ९-१० सेंमी होते, म्हणून फायलीतला अनिश्चिततेचा थर लॉसमध्ये (ट्रेनिंगमधलं चुकीचं माप) वजन म्हणून वापरा, अनिश्चितता जास्त तिथे वजन कमी.

प्रतिसाद २

किनाऱ्याचा घोळ वाऱ्याचा. बर्फ ढोबळमानाने वाऱ्याच्या २ टक्के वेगाने सरकतो. १० मी/सेकंद वाऱ्यात दिवसाला १७ किमी, म्हणजे दीड दिवसात तुमचा एक पिक्सेल पार. किनाऱ्यावर रेटला की थरावर थर चढतात, दूर गेला की मोकळ्या पाण्यावर नवा पातळ बर्फ धरतो. तुम्ही पुढच्या चार आठवड्यांचा खरा वारा देताय, प्रत्यक्ष अंदाज काढताना तो कुठून आणणार? त्याऐवजी ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान केंद्राच्या ४६ दिवसांच्या अंदाजातले सगळे सदस्य (एकाच अंदाजाच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या) चालवा आणि एका आकड्याऐवजी पल्ला द्या.

नव्या बर्फासाठी लेबेडेव्हचं सूत्र इनपुटला जोडा: जाडी (सेंमी) = १.३३ × (अंशदिवस)^०.५८, अंशदिवस म्हणजे रोजचं तापमान −१.८ से.च्या जितके अंश खाली, त्यांची बेरीज. १००० अंशदिवसांना साधारण ७३ सेंमी.

धागाकर्ता

आभार, दोन्ही करतो. मे-जूनसाठी काय?

प्रतिसाद १

तेव्हा बर्फावर वितळपाण्याची तळी साचतात. रडारला ती आणि बर्फातल्या भेगा सारख्याच दिसतात, म्हणून हा नकाशा एप्रिलमध्यातच थांबतो. पायोमास (संगणकी मॉडेलने काढलेली बर्फाची जाडी) घ्या, पण तो पातळ बर्फ जाड आणि जाड बर्फ पातळ दाखवतो. पायोमास आणि उपग्रह-नकाशे दोन्ही असलेल्या हिवाळी महिन्यांवरून ही दुरुस्ती जाडीच्या गटांनुसार वेगवेगळी काढा, सरसकट एकच आकडा वजा करू नका.