जोडचित्राला ‘खोटा फोटो’ का म्हणायचं?

दर्याकिनारी
आमच्या श्रीवर्धनच्या वाडीचं मी एक जोडचित्र केलं. खाली ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या पोफळी. त्यांच्यावर पुसट थरात, त्याच पाणंदीतून जुन्या अल्बममधल्या उभ्या पोफळी आणि शिंपण करणारी आजी. नुसत्या पडझडीच्या फोटोत बाहेरच्या माणसाला लाकडं दिसतात, काय गेलं ते दिसत नाही. ते सांगायला दुसरा थर लागतोच. तरी काहींनी ‘खोटा फोटो’ म्हणून निकालात काढलं. मला हे अजिबात मान्य नाही.

हे संगणकाचं खूळही नाही. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र छापलं होतं. त्याच दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्र टिपत होता. तेव्हा फोटो काचेच्या निगेटिव्हवर घ्यायचे, आणि त्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील. पाणी नीट आलं की आकाश पांढरंफटक पडायचं. म्हणून तो आकाश एका निगेटिव्हवर आणि पाणी दुसऱ्यावर घेऊन छपाईत जोडायचा. त्या समुद्राला खोटं म्हणाल का?

पंचनामा
ताई, आजींबद्दल आदर आहे. पण त्याच वादळानंतर आम्ही पडलेल्या झाडांचे फोटो काढून ठेवले, भरपाईच्या आशेने. नवी पोफळ उत्पन्नाला यायला वर्षानुवर्षं जातात, त्यामुळे पंचनाम्याचा कागद आणि तो फोटो हाच आमचा आधार होता. उद्या कोणी दहा झाडांची पन्नास करून दाखवली, तर खरं नुकसान झालेल्याकडेही संशयाने बघतील. तुमच्या कलेची किंमत आम्ही का मोजायची?

दर्याकिनारी
पंचनाम्याला जोडचित्र देणारा फसवणूक करतो, त्याला शिक्षा व्हावी. मी चित्राखाली स्पष्ट लिहिलंय : ‘दोन काळ, दोन फोटो’.

पंचनामा
खालची ओळ पहिल्याच फॉरवर्डला गळते. चित्र तेवढं पुढे जातं.

मुरूडकर
आपल्याकडे स्टुडिओवाले कधीपासून हेच करतायत. वडील लग्नाआधी गेले, तरी मुलाच्या लग्नाच्या फोटोत शेजारी उभे. भिंतीवर टांगलेला तो फोटो बघून कुणी फसत नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच तो जपतात.

पंचनामा
घरातल्यांना माहीत असतं, हाच तर मुद्दा आहे दादा. परक्याला कुठे माहीत? १९८२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले. वाचकांनी तो नेहमीचा फोटो समजूनच पाहिला. टीका झाली ती त्यामुळे.

काळी_खोली
दोघांच्या वादात एक गोष्ट राहतेय. वाईट जोडकाम गोष्टच मारून टाकतं. किनाऱ्यावर क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. सपाट वाळूवर छातीच्या उंचीवरून फोटो काढला, तर जवळच्या आणि लांबच्या सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिज छातीशीच कापतं. आपल्याकडे लोक रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढणाऱ्यांमध्ये दुसरीकडचा माणूस चिकटवतात आणि त्याचं क्षितिज गुडघ्यावर येतं. शिवाय आपला सूर्य समुद्रात मावळतो. पाठीमागे मावळतीचं केशरी आकाश लावायचं आणि चेहऱ्यावर सकाळचं ऊन ठेवायचं, हे बघवत नाही. ताईंच्या चित्रात दोन्ही फोटो एकाच पाणंदीतून, जवळपास त्याच उंचीवरून आहेत. म्हणून आजी तिथलीच वाटते.

पंचनामा
म्हणजे जितकं चांगलं जमेल, तितकं ओळखू येणार नाही. माझी भीती तीच आहे.

दर्याकिनारी
म्हणूनच आजीचा थर मी पुसट ठेवला. झाकायचं असतं तर पडलेल्या पोफळींइतकाच गडद केला असता. जोड दिसावी हीच माझी इच्छा आहे. ती ओळ मात्र आता खाली न ठेवता चित्रातच, पाणंदीच्या कडेला लिहिते. म्हणजे कापायची तर वाडीही कापावी लागेल.

पंचनामा
ते करा, माझा अर्धा विरोध गेला. पण वादळाचे फोटो आणि अशी चित्रं एकाच अल्बममध्ये नकोत. त्यावर मी ठाम आहे.