रंजक पित्ताचे स्थान नेमके कोणते मानावे?

प्रश्न – प्रथम वर्ष, रास्ता पेठ
क्रियाशारीर (आयुर्वेदातील शरीरक्रियाशास्त्र) शिकताना रंजक पित्त, म्हणजे आहाररसाला रंग देऊन त्याचे रक्त करणारे पित्त, प्राचीन आचार्य सुश्रुताप्रमाणे यकृत-प्लीहेत (प्लीहा म्हणजे पाणथरी) आणि वाग्भटाप्रमाणे आमाशयात (जठरात), असे आम्ही पाठ करतो. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र रक्तकण अस्थिमज्जेत तयार होतात असे लिहितो. परीक्षेत दोन्ही मते लिहिली की भागते. पण रंजक पित्त म्हणजे जठरातील इंट्रिन्सिक फॅक्टर, हे वर्गमित्रांच्या टिपणांतले समीकरण मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – क्रियाशारीर अध्यापक
तुम्हाला ते पटत नाही, हे योग्यच आहे. इंट्रिन्सिक फॅक्टर जठरातील पेशी स्रवतात आणि त्याच्या आधारे रक्तकण घडायला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते; रक्ताला रंग येतो तो हिमोग्लोबिनच्या हीम या घटकातील लोहामुळे. म्हणजे ‘रसरंजनात्’ (रसाला रंगवते म्हणून) या शब्दाने वाग्भट ज्या कर्माकडे बोट दाखवतो, त्याचा फार तर एक दुवा या समीकरणात सापडतो. यकृत-प्लीहेचेही तसेच आहे: गर्भावस्थेत तेथे रक्तकण खरोखर तयार होतात, प्रौढपणी यकृत बी-१२ व लोह साठवते आणि सुमारे १२० दिवस जगलेले रक्तकण मोडण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. पित्ताचे भेद कर्मावरून ओळखायचे असल्याने, रस रंगण्याच्या लांब प्रक्रियेतील दोन टप्पे दोघा आचार्यांनी सांगितले, असे मी वर्गात मांडतो. हा माझा अन्वय आहे, संहितेचे वचन नव्हे, हेही त्याच तासाला सांगतो.

उत्तर – वैद्य, कोथरूड
समीकरणाचा तोटा चिकित्सेत कळतो. जठर काढून टाकलेल्या रुग्णात यकृतातील साठा पुरेपर्यंत, म्हणजे बहुधा काही वर्षे, बी-१२ची उणीव जाणवत नाही. पुढे तो पांडुर दिसू लागला आणि आपण केवळ मंडूर (लोहयुक्त औषध) देत राहिलो, तर मूळ कारण तसेच राहते. पांडू (फिकटपणाचा रोग) दिसला की लोह कमी, हेही असेच एक आळशी समीकरण आहे.

उत्तर – पदव्युत्तर विद्यार्थी
मला वरील अन्वयही थोडा सोयीचा वाटतो, कारण गर्भातील रक्तनिर्मिती सुश्रुताला अभिप्रेत होती असे त्याच्या शब्दांतून निघत नाही. सूत्रस्थानाच्या १४व्या अध्यायात तो आहाररसाबद्दल बोलतो आहे. याउलट पित्त हा रक्ताचा मल (टाकाऊ अंश), हे आचार्य चरकाचे विधान वाचताना हीमच्या विघटनातून बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य तयार होते हे आठवल्याशिवाय राहत नाही, आणि नेमक्या अशा ठिकाणीच मोह आवरावा लागतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. वहीत दोन रकाने शेजारी न आखता आधी संहितेचा संदर्भ, मग आधुनिक प्रक्रिया आणि ‘अन्वय’ असे नाव देऊन वेगळा परिच्छेद लिहिते; सबमिशनला तो चालतो का, ते सोमवारी कळेल.