‘उतार’ आला कुठून? आणि ढाळ वेगळा का?

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या टेकडीवरून फुटाळा तलावाकडे येताना लागतो तो उतार. अर्थाबद्दल वाद नाही, वाद व्युत्पत्तीचा आहे. बरेच जण थेट ‘अवतार’कडे बोट दाखवतात: अव म्हणजे खाली, म्हणून अवतार, त्याचाच उतार. अर्थ चपखल बसतो, पण उच्चार जुळत नाही. ‘अव’चा मराठीत सहसा ‘ओ’ होतो. लवणाचं लोण झालं, नवनीताचं लोणी. शिवाय दोन स्वरांमधला एकटा ‘त’ प्राकृतातच गळतो, म्हणून मातेची माय झाली. टिकतो तो जोड ‘त्त’: सप्त, सत्त, सात. तेव्हा ‘उतरणे’च्या मागे ‘उत्तरति’च असायला हवं, म्हणजे उत् हा उपसर्ग + तॄ (तरून जाणे, पार होणे) हा धातू.

पण उत् म्हणजे तर वर! खरी गंमत इथेच आहे. संस्कृतात उत्तरति म्हणजे पाण्यातून वर येणं, पार होणं. नाव पैलतीराला लागली की माणूस नावेतून उतरतो; मग घोड्यावरून, गाडीवरून आणि पुढे टेकडीवरूनही उतरू लागतो. अर्थ असा सरकत आला असावा. पाण्याची ही खूण मराठीने पुसलेली नाही. नदी पायी ओलांडता येते त्या जागेलाही जुन्या मराठीत ‘उतार’ म्हणत. उतारू त्याच कुळातला.

मला सर्वांत आवडते ती उतारा आणि अवतरण ही जोडी. दोन्ही म्हणजे दुसऱ्याच्या लेखनातून घेतलेला मजकूर, धातू एकच, उपसर्ग मात्र एक वर नेणारा, एक खाली आणणारा.

आपल्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘ढलान’ सर्रास चालतो. त्याला नाक मुरडायचं कारण नाही, कारण ढळणे-ढाळणेच्याच घरातला तो, आणि मराठीत ‘ढाळ’ आहेच. पण ढाळ म्हणजे उतार नव्हे. रस्त्याला उतार असतो. गच्चीला, मोरीला ढाळ द्यावा लागतो. फरशी झाली की मिस्त्री बादलीभर पाणी ओतून बघतो. पाणी कोपऱ्यात थबकलं की ओरडा ठरलेला: “नालीकडे ढाळच नाही दिला बे!” तिथे ‘उतार’ म्हटलं तरी कळेल, पण कामावर तो शब्द कोणी वापरत नाही. उलट, टेकडीला ढाळ आहे असंही मी कधी ऐकलेलं नाही. पाणी वाहून जावं म्हणून माणसाने मुद्दाम केलेला तो ढाळ, असा भेद मी तरी धरतो.