कुमारांसाठी फँटसी कादंबऱ्या निवडताना नेमकं काय तपासायचं?

पानखूण (बडोदे):
दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयात दिवाळीनंतर कुमार विभाग सुरू होतोय. वयोगट १२ ते १६. मुलं इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमातली, मराठी घरची. फँटसीला एक कपाट दिलंय, सुरुवातीला ३० पुस्तकं बसतील. मराठीत अनुवादच जास्त. वाचून निवडणारे आम्ही चौघं, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. मलपृष्ठावर बघावं तर सगळीच पुस्तकं ‘थरारक’! वाचताना काय बघायचं आणि गुण कसे द्यायचे?

सुरसागरकाठी:
पहिलं वाचन सलग करा, पेन्सिल न घेता. कंटाळा आला ते पान फक्त लक्षात ठेवा. दुसऱ्या वाचनाला वहीत चार रकाने आखा: जादूचा नियम, तो कळला ते पान, वापरणाऱ्याने मोजलेली किंमत, आणि नियम पुढे कुठे मोडला.

३५० पानांच्या कादंबरीत शेवटच्या लढाईला लागणारे नियम २६०व्या पानाच्या आत आलेले हवेत. ३२०व्या पानावर नायिकेच्या रक्तात दडलेली शक्ती एकदम जागी होते आणि आधी तिची खूणही नसते, तेव्हा समजा की लेखकाला शेवट जमलेला नाही. ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराने २००७ मध्ये हे नियम म्हणूनच मांडलंय: वाचकाला जादू जेवढी समजली असेल, तेवढीच ती अडचण सोडवायला नीट वापरता येते. गूढ ठेवलेली जादू अडचणी उभ्या करायला खुशाल वापरावी.

किंमतीच्या रकान्यात ‘ती फार दमली’ असं आलं तर शून्य. पुढच्या प्रकरणात झोपून उठली की हिशेब फिटला! आठवण गेली, आवाज गेला, भावाचा विश्वास गेला, आणि ते पुढच्या शंभर पानांत जाणवत राहिलं, तर ती खरी किंमत.

भाकिताच्या कथांना आणखी एक चाचणी लावा. भाकीत मनातल्या मनात खोडून टाका आणि बघा, नायक तरीही हेच करील का? उत्तर ‘नाही’ आलं तर गोष्ट भाकीत चालवतंय, पोरगा नुसता मागून फरफटतोय. या वयाच्या वाचकाला निर्णय घेणारं माणूस हवं असतं. म्हणून शेवटचा निर्णायक निर्णय कोणी घेतला, त्याचं नाव लिहाच. गुरू, राजा किंवा बोलणारी तलवार यांपैकी कोणी असेल तर मोठी वजाबाकी.

राजवाडा_इंदूर:
चार रकाने ठीक, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. फॅरा मेंडलसन या अभ्यासकीने २००८ मध्ये फँटसीचे चार प्रकार पाडले: दारातून दुसऱ्या जगात नेणारी, सगळी त्याच जगात घडणारी, आपल्या जगात अद्भुत घुसणारी, आणि उंबरठ्यावर घुटमळणारी. आधी प्रकार लिहा, मग तपासा.

दारापलीकडच्या कथेत कोणीतरी म्हातारा सगळं समजावून सांगत बसतो. ते भाषण दोन पानांपेक्षा लांबलं तर खूण करा, मुलं तिथेच पुस्तक ठेवतात. घुसणाऱ्या प्रकाराचं उलट. मागच्या पिंपळावर मुंजा आहे म्हटल्यावर त्याची नियमावली कोण मागतं? तिथे घरातली माणसं कशी वागतात ते बघा. आजी संध्याकाळी पोरांना तिकडे जाऊ देत नाही, वडील हसतात, मोलकरीण काम सोडते. हे जमलं असेल तर किंमतीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

आणि नकाशा, शब्दसूची, पाच घराण्यांची वंशावळ यांना भुलू नका. वंशावळ उघडल्याशिवाय पहिली ४० पानं कळत नसतील, तर दोष पुस्तकाचा.

अलकापुरी_वाचक:
दोन गोष्टी राहिल्या. पहिली, मालिका. पहिल्या भागात उभा केलेला मुख्य प्रश्न त्याच भागात सुटतो का? दुष्ट राजा जिवंत राहिला तरी चालेल, पण बहीण सापडली की नाही ते कळायला हवं. अनुवाद असेल तर पुढचे भाग मराठीत आलेत का, हे विकत घेण्याआधी विचारा. पहिला भाग येऊन पुढचे न येणं फार होतं, आणि पोरं वाचनालयाच्या नावाने खडे फोडतात.

दुसरी, संवाद. कोणतीही तीन प्रकरणं घ्या, संवाद मोठ्याने वाचा. सेनापती राणीला आधी ‘आपण’, मग ‘तुम्ही’, मग ‘तू’ म्हणतोय आणि मधे काहीच घडलेलं नाही, असं असेल तर संपादन झालेलं नाही.

शेकडो वर्षांचा अमर नायक आणि १६ वर्षांची मुलगी यांचं प्रेम पुष्कळ पुस्तकांत असतं. तेवढ्यावरून बाद करू नका. तिला नकार देता येतो का, आणि दिल्यावर तो काय करतो, ते बघा.

पानखूण:
अहो, हे फारच कामाचं. पण गुणांचं? ५० पैकी द्यावेत का?

सुरसागरकाठी:
द्या, निर्णय आणि पात्रं २०, जगाचे नियम १०, भाषा १०, शेवट १०. पण नुसती बेरीज बघू नका. दोघांनी ३२ दिले, एकाला भाषा आवडली नाही आणि दुसऱ्याला शेवट, तर ते ३२ सारखे नाहीत. प्रत्येक आकड्याशेजारी एक वाक्य आणि पान क्रमांक लिहायला लावा. चौघांच्या गुणांत १२ पेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढायची नाही, त्या पुस्तकावर बोलायचं.

राजवाडा_इंदूर:
सहमत. खरं तर बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून आणून १९१० पासून ग्रंथालयं उभी करणाऱ्या सयाजीरावांच्या गावात, पुस्तक कसं निवडावं हे इंदूरवाल्यांनी सांगावं म्हणजे जरा जास्तच 🙂. पण एक करा. पुस्तकं एकदम ३० घेऊ नका. आधी १२ घ्या, प्रत्येकात कागदाची पट्टी घाला. मुलाने वाचन सोडलं ते पान त्यावर लिहायचं, नाव नको, कारण नको. एकाच पुस्तकात तीन पट्ट्या ६०व्या पानाच्या आसपास आल्या तर ते प्रकरण तुम्ही चौघांनी पुन्हा वाचायचं, उरलेली १८ त्यानंतर.