मदत हवी आहे: मुलींची फुटबॉल टीम कोल्हापूरला न्यायचीय, १६ जणींची स्वस्त पण सुरक्षित राहायची सोय आणि जायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटी रोडवरच्या एका गावात मुलींना फुटबॉल शिकवते. बेळगावात कॉलेजला असताना खेळायचे, लग्न होऊन गावी आले आणि शाळेचं मैदान रिकामं दिसायचं म्हणून चार मुलींना घेऊन सुरू केलं, आता चौदा जणी रोज संध्याकाळी येतात, पावसाळ्यात चिखलात पण येतात. डिसेंबरात कोल्हापुरात १४ वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा आहे आणि आमची एंट्री घेतलीय त्यांनी. चौदा मुली, मी आणि एका मुलीची आई, अशा १६ बायकामाणसं. सोबत पुरुष कुणी नाही, माझ्या मिस्टरांना तेव्हा सुट्टी मिळत नाही.

पैशाचं असं आहे की मुलीमागे १००० रुपये जमलेत, गावातल्या दोन मंडळांनी मिळून ६००० दिलेत, म्हणजे २० हजार. त्यातले एंट्री आणि शिनगार्डला गेले, हातात १६ हजार राहिलेत. जेवणाचं आम्ही बघून घेतो, पहिल्या दोन दिवसांच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, घरचे तांदूळ घेऊन येणार आहोत. राहायचं मात्र माणशी रात्रीला दीडशेच्या वर गेलं तर जमत नाही.

आता खरी अडचण. स्पर्धा नॉकआउट आहे, १६ टीम, चार दिवसांत चार राउंड. पहिली मॅच सकाळी आठला आहे म्हणजे आदल्या रात्रीच पोचायला पाहिजे. हरलो तर दुपारी परत, जिंकलो तर अजून एक रात्र, परत जिंकलो तर अजून एक. मी चार लॉजना फोन केले, सगळे म्हणतात चारही रात्रींचे पैसे आधी भरा, लवकर गेलात तर परत मिळणार नाहीत. फक्त एका रात्रीचं बुकिंग करावं तर दुसऱ्या रात्री खोली मिळेलच असं नाही, कारण तेव्हा नाताळच्या सुट्टीची गर्दी. म्हणजे मुली मॅच जिंकून मैदानाबाहेर येणार आणि मी त्याच वेळी फोनवर कुठं खोली मिळते का बघत बसणार. हे मला नकोय. जिंकल्यावर त्यांना पहिल्यांदा शांत झोप मिळायला पाहिजे.

झोपेचं एवढं का म्हणते ते सांगते. गेल्या वर्षी एका दुसऱ्या गावात स्पर्धेला गेलो होतो, गावाचं नाव राहू दे. आयोजकांनी एका हॉलमध्ये सोय केली होती, फुकट होती म्हणून मी पण जास्त चौकशी केली नाही, ती माझी चूक. बाथरूमच्या दाराला आतून कडीच नव्हती. मग बुटाची लेस दाराच्या भोकातून बाहेर काढून एक मुलगी बाहेर धरून उभी राहायची, आतलीनं दोनदा ओढली की सोडायची. चौदा मुली, दोन बाथरूम, असं रात्री साडेअकरापर्यंत चाललं. खाली फरशी, सतरंजी एकच, आणि रात्री दोनदा कुणीतरी बाहेरून दार वाजवलं. मी आणि ती आई दाराला पाठ लावून बसून राहिलो. आमची गोलकीपर बूट उशाला घेऊन झोपली होती, स्टडचे वळ सकाळी गालावर उठले होते तिच्या. सकाळी मॅचला पोरींचे पाय उचलत नव्हते. ३-० ने हरलो. हरल्याचं मला काही नाही, पण घरी आल्यावर दोन मुलींच्या घरच्यांनी पुढं पाठवायला नको म्हणून सांगितलं, त्यांना परत तयार करायला मला चार महिने गेले. या वेळी सगळ्या आयांनी पहिला प्रश्न तोच विचारला, रात्री झोपणार कुठं. मॅच किती वाजता, कुणाशी, काही नाही.

आणि या मुलींना स्पर्धेला न्यायचं का, तर २०२२ ला १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला तेव्हा दोन्ही सेमीफायनल मडगावला फातोर्ड्यात होत्या, २६ ऑक्टोबरला. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज त्याच दिवशी आली होती, तरी मी यातल्या मोठ्या सहा जणींना घेऊन गेले होते. कोलंबिया आणि नायजेरियाची मॅच ०-० राहून पेनल्टीवर ६-५ गेली, आणि नंतर स्पेननं जर्मनीला अगदी शेवटाला १-० ने हरवलं. परतीची गाडी नव्हती, रात्र मडगाव स्टेशनवर वेटिंग रूममध्ये काढली, पण एकही पोरगी झोपली नाही, पहाटेपर्यंत पेनल्टी कशी मारली तेच बोलत होत्या. त्यातलीच एक आता कॅप्टन आहे. तेव्हा घरचे म्हणत होते सणाचं कुठं जाऊलाईस, आता तोच बाप रोज सायकलवरून तिला मैदानावर सोडतो.

प्रवासाचं मी असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. थेट बेळगाव-कोल्हापूर गाडी धरली तर हद्दीपर्यंत तरी सगळ्यांना पूर्ण तिकीट, आणि २०२५ च्या जानेवारीत दोन्ही राज्यांनी भाडं वाढवल्यापासून १६ जणींचं जाऊन-येऊन बरंच होतं. म्हणून गाव ते खानापूर, खानापूर ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी असं कर्नाटकच्या साध्या बसनं यायचं, शक्ती योजनेत बायकांना फुकट आहे. मग निपाणीहून एसटी धरायची, महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहेच. गाड्या बदलायला लागतात पण वाचलेल्या पैशात एका रात्रीचं भाडं निघतंय. क्रूझर पण विचारली होती, पण १६ जणी आणि बॅगा एका क्रूझरमध्ये मावत नाहीत, दोन लागतात, आणि पिवळ्या पाटीची असली तरी महाराष्ट्राचं परमिट-टॅक्सचं वेगळं सांगतात. वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी गाडीनं, मुलींना न्यायचं नाही हे माझं ठरलेलं आहे.

भीती एकच, सीमाप्रश्नावरनं मध्येच वातावरण तापलं तर. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद होत्या ते सगळ्यांना आठवत असेल. तसं झालं तर मुलींना घेऊन हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकायचं नाही मला.

तर विचारायचं हे की कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या जवळपास, एकेका रात्रीचे पैसे घेणारी, बायकांसाठी बरी जागा कुठली मिळेल? एकच मोठी खोली असली तरी चालेल, कॉट नको, फक्त दाराला कडी आणि पाणी पाहिजे. दुसरं, निपाणी ते कोल्हापूर शेवटची एसटी धरून रात्री उतरणं कितपत बरं? आणि अल्पवयीन मुली आहेत म्हणून लॉजवाले काय काय कागद मागतात?

मंगळवारपेठ:
ताई नमस्कार. आधी एक सांगतो, कोल्हापुरात फुटबॉलची टीम आलीय म्हटल्यावर कोण वाऱ्यावर सोडत नाही, तुम्ही बिनघोर या. पण लॉजच्या नादाला लागू नका. नाताळात अंबाबाईला बाहेरनं एवढी गर्दी असते की महाद्वार, भाऊसिंगजी रोड, त्या बाजूचं सगळं भरलेलं असतंय आणि रेट पण चढलेला. त्यापेक्षा मंगल कार्यालय बघा. लग्नाची तारीख नसली की वरचा हॉल नाहीतर वधूपक्षाच्या खोल्या रिकाम्याच असतात, बाथरूम भरपूर, पाणी २४ तास, आणि वॉचमन असतोय. माणशी हिशेब न धरता खोलीचा रोजचा हिशेब धरायला सांगा. गाद्या-रग मंडपवाल्याकडनं नगावर मिळतात. मार्गशीर्षात लग्नं असतात म्हणून तुमच्या चार तारखांपैकी कुठल्या मोकळ्या आहेत तेवढं आधी विचारा, एखाद्या दिवशी लग्न असलं तर त्या रात्री वरात, बॅन्ड, झोप नाही.

दुसरं, तुमच्या तारखा पौर्णिमेच्या अलीकडं-पलीकडं येतात काय बघा. आमच्याकडचे रेणुकाभक्त त्या वेळी सौंदत्तीला यात्रेला जातात, ढीगभर एसट्या त्यासाठी प्रासंगिक करारावर, म्हणजे खास भाड्यानं, लागलेल्या असतात, मग नेहमीच्या फेऱ्या कमी होतात आणि स्टँडवर ताटकळायला लागतंय. त्या दोन दिवसांत सकाळच्या गाडीनंच निघा.

सीबीएसला म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडला उतरलात तर स्टेडियम तिथनं दोनेक किलोमीटर आहे, केएमटीची सिटी बस मिळती, रिक्षा पण मिळती. मुलींना मॅचच्या आदल्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा खायला घालू नका, मॅच झाल्यावर पोटभर घाला.

निपाणी_स्टँड:
ताई, मी निपाणीची, रोज नोकरीला कोल्हापूरला एसटीनं जाऊन येते. तुमचं गणित बरोबर आहे. पण शक्तीला ओरिजनल आधार नाहीतर तसलं सरकारी ओळखपत्र लागतं, त्यावर कर्नाटकातला पत्ता पाहिजे, झेरॉक्स दाखवली की कंडक्टर ऐकत नाहीत, चौदा जणींची आधार एका फाइलमध्ये तुमच्याकडंच ठेवा. फुकट असलं तरी प्रत्येकीचं शून्याचं तिकीट घ्यायचंच, मध्ये चेकिंगला विचारतात. राजहंस, स्लीपर असल्या गाडीत बसू नका, त्यात योजना चालत नाही. आणि एसटीतली सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, निपाणीपासून हद्दीपर्यंतचं पूर्ण लागतंय आणि पुढचं अर्धं, म्हणून तिकिटाचा आकडा बघून कंडक्टरशी वाद घालू नका.

रात्री उशिरा उतरू नका असं माझं म्हणणं आहे. बेळगावहून दुपारी दोनच्या आत निघालात तर तवंदी घाट उजेडात उतरता आणि दिवेलागणीला कोल्हापुरात असता.

बस बंद पडल्या तर रेल्वे आहे की. लोंड्याकडनं मिरजेला जाणारी पॅसेंजर तुमच्या खानापूरला थांबते, मिरजेत उतरून कोल्हापूरची गाडी धरायची, ती तासाभराची. वेळ जास्त लागतो पण तिकीट अगदी कमी, आणि रेल्वेला कुणी अडवत नाही. टाइमटेबल आधीच काढून पर्समध्ये ठेवा.

जुनामास्तर:
कागदांचं सांगतो, मी तीस वर्षं पीटी शिक्षक होतो, पोरं घेऊन खूप फिरलोय. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात प्रत्येकीचं नाव, जन्मतारीख, पालकाचा फोन. प्रत्येक पालकाच्या सहीचं संमतिपत्र वेगळं. तुमचं स्वतःचं आधार. याचे तीन सेट करा, एक राहाल तिथं, एक आयोजकांना, एक तुमच्याजवळ. पोचल्यावर जवळच्या पोलीस चौकीत जाऊन आम्ही अशा अशा इथं उतरलोय म्हणून सांगून या, कुणी लिहून घेवो न घेवो. आणि बाई, आयोजकांना फोन करून सरळ सांगा की पहिली मॅच आठ ऐवजी दुपारी द्या, आम्ही लांबून येतोय. लांबच्या टीमला उशिराचा स्लॉट देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. मिळाला तर पहिली रात्रच वाचली तुमची.

(धागा लिहिणारी):
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री वाचून झोपले आणि सकाळी उठून पहिलं काम मास्तरांनी सांगितलेलं केलं. आयोजकांना फोन लावला, ते लगेच म्हणाले अहो आधी सांगायचं की, दुपारी अडीचची मॅच देतो. तरी मी आदल्या दिवशीच यायचं ठरवलंय, सहा तास गाड्या बदलत आल्या आल्या बूट घालून पोरींना पळवायला जीव होत नाही.

मंगळवारपेठ दादा, दोन कार्यालयांना विचारलं. एकाकडं तिसऱ्या रात्री लग्न आहे. दुसरे म्हणाले वरची खोली रोजच्या १८०० ला देतो, रोज सकाळी दहाला सांगायचं आज राहणार की नाही. म्हणजे माणशी ११२ रुपये पडले! गाद्यांचे वेगळे धरले तरी दीडशेत बसतंय. येत्या रविवारी मी आणि मिस्टर जाऊन बघून येतोय, मी स्वतः प्रत्येक बाथरूमची कडी लावून बघणार आहे आणि मगच पैसे देणार.

पौर्णिमेचं तुम्ही सांगितलं ते बरं झालं, कॅलेंडर काढून बघितलं तर पौर्णिमा बरोबर आमच्या सेमीफायनलच्या दिवशी येते. म्हणजे परत येतानाच गर्दी लागणार. फायनल चार वाजता आहे, बक्षीस समारंभ धरून सात वाजणार. निपाणीला पोचेपर्यंत साडेआठ-नऊ, तिथून बेळगाव मिळेल एखादी, पण बेळगावहून खानापूर आणि पुढं आमच्या गावाला त्या वेळी काहीच नाही.

निपाणी_स्टँड:
ताई, फायनल खेळलात तर त्या रात्री पुढं जाऊच नका. आमचं घर स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे, वर माडी रिकामी आहे, सासूबाई आणि मी दोघीच असतो, १६ जणी आरामात झोपतील. रविवारी कोल्हापूरला जाताना वाटेत उतरा, घर बघा, चहा घ्या, सासूबाईंशी बोला आणि मग ठरवा. मुलींच्या आयांना पण फोनवर बोलायला सांगा माझ्याशी.

(धागा लिहिणारी):
वहिनी, काय बोलू कळत नाही. रविवारी नक्की येते, कॅप्टनच्या आईला पण घेऊन येते, तिनं बघितलं की बाकीच्या तेरा जणींच्या घरी मला वेगळं सांगायला लागणार नाही.

आता दोनच गोष्टी राहिल्यात. शाहू स्टेडियमच्या बाजूला साधी खानावळ, जिथं सकाळी सातला पोहे किंवा उप्पीट आणि केळी मिळतील, मॅचच्या आधी दोन तास पोटात काहीतरी जायला पाहिजे. आणि राहतो तिथं स्वयंपाक करायला देत नाहीत म्हणे, तर आमचे तांदूळ दिले की भात शिजवून देणारं कुणी असेल तर सांगा, आमटी पण त्यांनीच करून दिली तर त्याचे पैसे देऊ. रविवारी कोल्हापुरात असतानाच तेही बघून घेईन, म्हणून शनिवारपर्यंत कळवलं तर बरं होईल.