इंडक्शनवर जर्मनचं पातेलं का तापत नाही?

डोंबिवलीची_मेघा:
मंडळी, परवा सिलेंडर संपला आणि दुसरा यायला चार दिवस म्हणून माळ्यावरचं इंडक्शन काढलं. लोखंडी तवा लगेच तापला, पण आईचं जर्मनचं (म्हणजे ॲल्युमिनियमचं) पातेलं ठेवलं की पी पी करून बंद. बरं ते एक वेळ समजू शकते, पण माझ्या लग्नातलं चांगलं जाड स्टीलचं पातेलंही चालेना! सासूबाई म्हणतात इंडक्शन बिघडलंय. ॲल्युमिनियममधून करंट तर लोखंडापेक्षा जास्त चांगला जातो ना, मग ते तापत कसं नाही?

चहाबाज:
सोप्पं आहे ताई, मायक्रोवेव्हसारखंच, लहरी पातेल्यातल्या पाण्याला तापवतात, ॲल्युमिनियम त्या परत फेकतं.

निवांत_बापू:
चहाबाज, नाही हो. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, तिथलं विद्युत क्षेत्र पाण्याच्या रेणूंना सारखं इकडून तिकडे फिरवतं आणि त्यातून अन्न स्वतः तापतं. इंडक्शनमध्ये पाण्याचा काही संबंधच नाही, रिकामा तवाही लाल होईल.

मेघाताई, काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. घरातला लाइट ५० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे, हीच फ्रिक्वेन्सी), तो आतलं सर्किट २० हजार हर्ट्झच्या वर नेतं (त्याहून कमी ठेवला असता तर ते कानाला ऐकू आलं असतं, स्वयंपाक होईपर्यंत शिट्टी ऐकत बसावं लागलं असतं). कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच वेगाने उलटसुलट होतं आणि भांड्याच्या बुडात गोल गोल करंट फिरायला लागतो, एडी करंट. तत्त्व फॅरेडेचंच, १८३१ चं.

आता तुमचा प्रश्न, आणि तो बरोबर आहे. करंट चांगला जातो म्हणूनच तापत नाही! उष्णता होते ती करंटला अडवणूक झाली की. त्यात एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट धातूच्या वरच्या कातडीतूनच वाहतो. २५ हजार हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये ही कातडी अर्धा मिलिमीटर, पण लोखंड चुंबकाला ओढणारं असल्यामुळे त्याच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. म्हणजे चौपदरी रस्ता आणि बोळ. अडवणूक लोखंडात वीस-पंचवीस पट तरी जास्त. ॲल्युमिनियमची तर कॉइलच्या तांब्याएवढीच, मग भांड्याबरोबर कॉइलच तापणार, त्यामुळे मशीन आधीच हात वर करतं. लोखंडातले चुंबकी कण सारखे उलटे होतात त्याचीही थोडी उष्णता होते, पण मुख्य काम करंटचंच.

स्टीलचं म्हणाल तर स्टील सगळं सारखं नसतं. फ्रीजवरचं चुंबक बुडाला लावून बघा. निकेलवालं चांगलं स्टील (१८/८) चुंबकाला चिकटतच नाही. सासूबाईंना सांगा, इंडक्शन ठणठणीत आहे.

ओतारी_शिरोली:
बापू बरोबर सांगतायत, पण चुंबकाचं पूर्ण खरं नव्हं. मी कोल्हापूरला फौंड्रीत भट्टीवर हाय, आमची भट्टी इंडक्शनचीच. लोखंड साधारण ७७० डिग्रीच्या पुढं गेलं की चुंबकपणा संपतो, तरीबी ते पुढं तापत तापत १५०० पर्यंत जातंयच की. ॲल्युमिनियम, तांबं सुद्धा वितळवतात, फक्त कॉइलमध्ये वाया जास्त जातं. आणि गंमत म्हणजे लोखंडाचा रस करणारी कॉइल स्वतः तांब्याची, आतून पोकळ नळी, त्यातनं सारखं पाणी फिरतंय. लाइट गेली तरी पाणी थांबवायचं नाही, रस आतच असतोय ना. फ्रिक्वेन्सी मात्र तुमच्या शेगडीपेक्षा लई कमी, पाचशे ते हजारच्या आसपास, कारण गठ्ठा मोठा, करंट आतपर्यंत गेला पायजे. रस आपोआप ढवळला जातो ते बघायला या एकदा, मधे फुगून उकळल्यागत दिसतोय.

निवांत_बापू:
ओतारी, मान गये! दुरुस्ती मान्य. चुंबक ही घरच्या शेगडीची परीक्षा, निसर्गाचा नियम नाही. जपानमध्ये सगळ्या धातूंची भांडी चालणाऱ्या शेगड्या मिळतात, त्यात ॲल्युमिनियमसाठी फ्रिक्वेन्सी आणखी वर नेतात.

चहाबाज:
ओके, मी चुकलो 🙏 पण मग वायरलेस चार्जरवर मोबाईल गरम होतो ते हेच का? माझ्या कव्हरमागे गाडीसाठीची लोखंडी पत्री चिकटवलीये, ती तर जाम भाजते.

निवांत_बापू:
हेच. तिथे मोबाईलमधली कॉइल ऊर्जा घेऊन बॅटरीला देते, पण मधे पत्री आली तर पत्रीच तवा होते. काढून टाका ती आधी, बॅटरीलाही ते चांगलं नाही.

डोंबिवलीची_मेघा:
बापू, ओतारीदादा, धन्यवाद! सगळी मांडणी चुंबक घेऊन पालथी घातली. लग्नातल्या पातेल्याला चिकटलं नाही, आणि भाजीवाल्या बाजूच्या दुकानातून घेतलेल्या स्वस्तातल्या टोपाला टच्चकन बसलं. सासूबाई ते बघून म्हणाल्या, मग तो टोप मला दे, चहा ठेवते. आता तोच चढलाय, घूं घूं आवाज येतोय.